भाकरीला कोपरे नसतात

लातूर,
दि. ११ मे १९८६

आदरणीय दाजी,

धाकटा मेहुणा सटवाजी पेंटर याचा तुमच्या पायांपर्यंत पोचेल एवढा वाकून जय भीम (आता वाकता येतं, म्हणून मुद्दाम लिहितो). आम्ही दोघं नवराबायको इकडं खुशाल आहोत. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, त्यात माणसानं जेवढं खुशाल राहावं तेवढे आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? तिकडं पाण्याचं कसं काय? इथं बसस्टँडवर एक माणूस सांगत होता की देगलूरला काही विहिरींना अजून पाणी आहे आणि तुमच्या गल्लीतली माणसं रोज आंघोळ करतात. हे खरं असेल तर मोठ्यानं बोलू नका. अर्धं लातूर सकाळच्या गाडीनं तिकडं येईल, आणि पहिल्या बाकावर धुरपता असेल.

तर दाजी, हे पत्र मी माझ्या उजव्या हातानं लिहितोय. चार दिवस झाले सुरू करून. थोडं लिहितो, थोडं फिरून येतो. मध्ये मध्ये ओळ उताराला लागलेली दिसेल तिकडं लक्ष देऊ नका. तुम्ही शाळेत सुतारकाम शिकवलेले गुरुजी, तुम्हाला काही वाकडं दिसलं की चैन पडत नाही, हे मी जाणून आहे. पण सांगायचं एवढं आहे की पोटात मावत नाही. सुरू केलं त्या दिवशी तर उजाडायच्या आतच उठून बसलो आणि धुरपताला म्हणालो, दाजींना पत्र लिहायचंय. ती म्हणाली, "पळून चालले का दाजी?"

मागच्या साली माझ्या अंगावरून वारं गेलं ते तुम्हाला ठाऊक आहे, पण कसं गेलं ते नीट कुणी सांगितलं नसेल. लातूर जिल्हा उस्मानाबादेतून फुटून निघाला तेव्हापासून आम्हा पेंटर लोकांना जे दिवस आले ते बाकी कुणाला आले नाहीत. शाळा, दवाखाना, सोसायटी, गुरांचा दवाखाना, जिथं जिथं 'जिल्हा उस्मानाबाद' लिहिलंय तिथली पाच अक्षरं खोडायची आणि तीन लिहायची. (तीनच अक्षरं असल्यामुळं उरलेली जागा कशानं भरायची हा मोठाच प्रश्न. मी तिथं कमळाची वेल काढायचो. कुणी हरकत घेतली नाही.) तसाच एका खेड्यात शिडीवर चढून बोर्ड रंगवत होतो. 'जिल्हा ला' एवढं झालं, आणि ब्रश हातातून पडला. खाली बघून कुणाला तरी म्हणालो, ब्रश द्या. म्हणजे मला म्हणायचं तेवढंच होतं, तोंडातून निघालं ते काहीतरी तेलुगूसारखं. मग बघतो तर माझा उजवा हात खांद्याला लोंबकळतोय, दुसऱ्याच्या सदऱ्याची बाही असावी तसा. माणसांनी मला शिडीवरून उतरवलं ते चार महिने अंथरुणातच. त्या गावात मात्र पुढं सहा महिने 'जिल्हा ला' असाच बोर्ड होता. येणारा जाणारा विचारायचा म्हणे, जिल्ह्याला काय?

तुम्ही आणि अक्का मला बघायला आलात तेव्हा मी भिंतीकडं तोंड करून पडलो होतो. तुम्ही अर्धा तास माझ्या पाठीशी बोललात. मी सगळं ऐकलं होतं, पण वळलो नाही. वळून काय दाखवायचं? दाढी धुरपता करायची, सदरा ती घालायची, भाकर दुधात कुस्करून ती भरवायची. एकावन्न वर्षांच्या माणसाचं नाक दुसऱ्यानं पुसायचं, तेसुद्धा सगळ्या गल्लीसमोर. बघायला येणारा प्रत्येक जण एकेक उपाय सांगून जायचा. कुणी लसणाचं तेल सांगितलं. कुणी म्हणालं, कबुतराचं रक्त चोळा. (कबुतरानं माझं काय वाकडं केलं होतं? त्याला मी सोडवलं. त्या काळात मी केलेलं तेवढं एकच काम.) आठ महिने असे गेले. एका पोपड्याचा आकार औसा तालुक्यासारखा आहे एवढं ज्ञान त्या भिंतीपासून मिळालं, बाकी काही नाही.

मग दिवाळीच्या आधी इथल्या एका दवाखान्यात नवीन खातं निघालं आणि डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन तिकडं पाठवलं. धुरपतानं मला रिक्षात घातलं, उतरवलं आणि दारापर्यंत नेलं. दारावर बोर्ड होता. वर लिहिलं होतं 'ऑक्युपेशनल थेरपि' आणि खाली 'व्यवसायोपचार विभाग'. त्या खालच्या शब्दानं फार घोटाळा केला होता. बाहेर बाकावर सातआठ धडधाकट माणसं हातात कागद घेऊन बसलेली. व्यवसाय म्हटल्यावर त्यांना वाटलं, इथं म्हशीचं कर्ज मिळतं. शिपाई एकेकाला समजावून कंटाळला होता. शेवटी तो म्हणत होता, "म्हैस आजारी हाय का? न्हाई ना? मग जावा."

आत एक मुलगी बसली होती. मुलगीच म्हणतो, कारण मला ती पहिल्यांदा तपासायला आलेल्या कुणाची तरी लेक वाटली. त्याच तिथं उपचार करणाऱ्या मॅडम. वैजयंती ढोमणे, गाव नागपूर. एवढीशी बारीक, चपला फटाफटा वाजवणारी, आणि बोलणं सगळं 'करून राहिले, होऊन राहिलं'. त्यांनी मला काय काय येतं ते विचारलं. जेवता येतं का, कपडे घालता येतात का, उभं राहता येतं का. सगळ्याची उत्तरं धुरपतानं दिली. मी तोंड उघडायच्या आत तिचं सांगून व्हायचं. शेवटी मॅडम म्हणाल्या, "बाई, तुम्ही जरा बाहेर बसता का?" दाजी, धुरपताला आजवर असं कुणी म्हणालं नव्हतं. ती म्हशीवाल्यांच्या बाकावर जाऊन बसली आणि तिथून काचेतून माझ्याकडं बघत राहिली.

मग मॅडमनी खुर्ची पुढं ओढली आणि विचारलं, "काका, तुम्हाला काय करावंसं वाटतं?"

आठ महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. बरं वाटतं का, हे विचारलं. जेवला का, हे विचारलं. काय करावंसं वाटतं हा सवालच नवीन. मी डावा हात उचलून दाराकडं केला. त्यांना वाटलं, मला जायचंय. मी मान हलवली. तोंडातून शब्द काढायला तेव्हा मला विहिरीतून घागर ओढल्याएवढी ताकद लागायची. शेवटी एकदाचं बोललो, "पी. दीर्घ." त्या उठून बाहेर गेल्या, बोर्ड वाचला, परत आल्या. म्हणाल्या, "खरंच की. महिना झाला, मी रोज खालून जाऊन राहिले, मला नाही दिसलं. मग आता ते तुम्हीच दुरुस्त करायचं." आणि माझ्या मेल्या हातावर आपला हात ठेवून म्हणाल्या, "पण याच हातानं."

मी घरी आलो तो त्या रात्री भिंतीकडं तोंड केलं नाही. राग आला होता. कसला ते कळत नव्हतं. त्या सोलापूरच्या पेंटरचा असावा (तो बोर्ड सोलापूरहून रंगवून आणलाय, हे मी मागाहून शोधून काढलं).

दुसऱ्या दिवसापासून औषध सुरू झालं. मला वाटलं, काही यंत्र असेल, विजेचे झटके असतील. कशाचं काय. पहिलं औषध म्हणजे सदऱ्याची बटणं. आपली आपण लावायची. लुळा हात आधी बाहीत घालायचा, मग चांगला, आणि मग बटणं. पहिल्या दिवशी एक बटण लावायला मला पाऊण तास लागला. पूर्वी तेवढ्या वेळात मी 'ग्रामपंचायत कार्यालय' अख्खं लिहायचो, अक्षरांच्या सावलीसकट. आणि धुरपताला हुकूम, की हात लावायचा नाही. ती बिचारी समोर बसायची, तिचे हात आपोआप पुढं यायचे, मग ती ते मांडीखाली दाबून धरायची. शेवटी तिला बघवेना. भिंतीकडं तोंड करून बसायची पाळी आता तिच्यावर आली. पाचवं बटण ज्या दिवशी लागलं त्या दिवशी मी तिला म्हणालो, वळ. ती वळली. बघितलं तर एक काज चुकून सदरा तिरपा झालेला, उजवीकडं खाली, डावीकडं वर. ती मला तसाच घेऊन गल्लीतून दोन चकरा मारून आली.

मग मॅडमनी पुढचं औषध लिहून दिलं. बादलीत पाणी घ्यायचं, टॉवेल भिजवायचा, दोन्ही हातांनी पिळायचा, पुन्हा भिजवायचा, असं दिवसातून तीनदा. नागपूरकडच्या माणसाला हे सुचणारच. धुरपतानं चिठ्ठी वाचली आणि थेट दवाखान्यात जाऊन म्हणाली, "मॅडम, आठ दिवसाला पाणी येतंय. ह्यायचा हात धुवायला पाणी न्हाई, पिळायला कुठून आणू?" मॅडम विचारात पडल्या. मग त्यांनी विचारलं, घरात रोज दोन्ही हातांनी दाबायचं, मळायचं असं काय असतं? धुरपता म्हणाली, "पीठ." झालं. दुष्काळानं माझ्या नशिबात भाकरी आणली ती अशी.

दवाखान्यातच एका कोपऱ्यात परात, पीठ आणि चूल मांडली. तिथं आधीपासून एक पेशंट होत्या, साखराबाई, औशाकडच्या. टँकरपाशी घागरींची रेटारेटी झाली त्यात पडून त्यांचं मनगट मोडलं होतं. हाड जुळलं, पण मनगट वळेना. बाई पासष्टच्या पुढच्या, आणि जीभ अशी की तिनं जोंधळा सोलून निघावा. पण आल्यापासून कुणाशी बोलायच्या नाहीत. घरात भाकरी सून करायला लागली होती आणि साखराबाईंना ओसरीवर बसवून ठेवलं होतं. "बसून खायलेव, बसून मरायचं," एवढंच म्हणायच्या. मॅडमनी त्यांना सांगितलं, "मावशी, या काकांना भाकरी शिकवा. मला तर येतच नाही." (येते त्यांना. नंतर कळलं.)

दाजी, मी एवढी वर्षं अक्षरं काढली. अक्षराचं मला कुणी काही सांगावं असं उरलं नाही. पण भाकरी ही मोठी अवघड चीज आहे. माझा डावा हात थापायचा आणि उजवा नुसता परातीत पडून राहायचा, सरकारी पाहुण्यासारखा. साखराबाईंनी तो उचलून पिठावर ठेवला आणि वरून आपलं मोडकं मनगट ठेवलं. "ह्यो बी तुझाच हाय. कामाला लाव." पहिली भाकर झाली ती चौकोनी. मला पाटीची सवय. साखराबाईंनी ती हातात घेऊन चारी बाजूंनी बघितली आणि म्हणाल्या, "पेंटर, भाकरीला कोपरे नसत्यात." आणि हसल्या. मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनी नंतर मला सांगितलं, की तीन आठवड्यांत ती बाई पहिल्यांदा हसली.

गल्लीत मात्र गोंधळ उडाला. सटव्या पेंटरला दवाखान्यात भाकरी थापायला बसवलंय, ही बातमी आमच्या आधी घरी पोचली. पानपट्टीवर मला बघून माणसं हातानं थाप थाप आवाज काढायची. एका जुन्या दोस्तानं मला बाजूला घेऊन गंभीरपणे सांगितलं की ही बाई डॉक्टर नसावी, स्वयंपाकाच्या शिक्षिका म्हणून तिची बदली चुकून इकडं झाली असावी. धुरपताच्या बहिणीनं तर तिला विचारलं, "बाई गं, आता तुझ्या घरी पुरुष कोण?" धुरपतानं दोन दिवस मला चुलीजवळ येऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी चुलीपुढं बसलो आणि म्हणालो, सरक. उजव्या हाताला चटका जाणवत नाही म्हणून तवा डाव्या हातानं सांभाळायचा हे मॅडमनी दहादा बजावलं होतं, ते ध्यानात ठेवून एक भाकर केली. गोल नव्हती, चौकोनीही नव्हती. कडेला एक शेपूट होतं. धुरपतानं ती मोडली, ठेच्याला लावून खाल्ली, आणि म्हणाली, "लई वर्षांनी कुणीतरी मला करून वाढलं." नंतर तिनं दार लावून घेतलं आणि आतून तिच्या बहिणीला जे ऐकवायचं ते मोठ्यानं ऐकवलं. बहीण शेजारच्याच घरात राहते.

हे सगळं मी तुम्हाला गमतीनं सांगतोय खरा. पण त्यात एक गोष्ट आहे. मी मॅडमना एकदा विचारलं, हे कसलं औषध? त्या म्हणाल्या, "काका, माणूस हातानं काय काय करते त्याच्यावर तो माणूस राहते. ते बंद पडलं की दुखणं हाताचं नाही राहत, माणसाचं होते." शाळेत तुम्हीही असंच काहीतरी मुलांना सांगायचात. तेव्हा मला ते रंधा नीट धरायचं सांगताय असं वाटायचं.

हळूहळू हातात जीव आला. मॅडमनी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चमच्याच्या दांड्याला गुंडाळला, दांडा जाड झाला तेव्हा बोटांत मावला. मग तीच ट्यूब त्यांनी एक दिवस काहीही न बोलता माझ्या जुन्या ब्रशला गुंडाळली आणि ब्रश माझ्या पुढ्यात ठेवून बाहेर निघून गेल्या. मी त्याच्याकडं बराच वेळ बघत बसलो. साखराबाई म्हणाल्या, "चावतोय का?" जानेवारीत तो बोर्ड खाली उतरवला. शिडीवर चढायची बंदी होती. थेरपीची ऱ्हस्व वेलांटी पांढऱ्या रंगानं झाकली आणि पलीकडून दीर्घ ओढली. एक वेलांटी, दाजी. हात एवढा कापत होता की वेलांटीला तीन वळणं पडली आणि खाली रंगाचा ओघळ आला. मॅडमनी सगळ्या खात्याला चहा पाजला. म्हशीवाल्यांनाही.

आता मुख्य गोष्ट. एप्रिलात हुकूम निघाला की दोन दिवसांच्या आत प्रत्येक टँकरवर 'पिण्याचे पाणी' असं लिहिलं पाहिजे, नाहीतर गाडी रस्त्यावर दिसता कामा नये. जिल्ह्यातले सगळे पेंटर तुटून पडले. शिवमूर्ती नावाचा एक ड्रायव्हर पेंटर शोधत शोधत आमच्या दारात आला. त्याला माझं दुखणं ठाऊक नव्हतं. धुरपता 'ह्यांना होत न्हाई' असं म्हणायला तोंड उघडत होती. मी आतून ओरडलो, होतंय. माझ्या आवाजानं मीच दचकलो. तिनं माझ्याकडं बघितलं, मग शिवमूर्तीला म्हणाली, "गाडी लिंबाखाली लावा. उन्हात ते बसणार न्हाईत."

सकाळी सातला बसलो. स्टुलावर बसून, कोपराखाली टेकायची काठी घेऊन. टँकरचं पोट गोल. सपाट पाटीवर आयुष्य गेलेल्या माणसानं वारं गेलेल्या हातानं गोल पत्र्यावर लिहायचं. पि झाला. ण्या झाला, पण त्यातला ण पुढं वाकून काहीतरी शोधतोय असा. चे जरा मोठाच झाला. दुपारी मॅडम जेवणाच्या सुट्टीत चपला वाजवत आल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या, कोपर कसं टेकायचं ते दाखवलं आणि गेल्या. गल्ली सगळी गोळा झालेली. थाप थाप करणारे तेच लोक आता गप उभे. पा लिहून झाला आणि जागा संपली. णी साठी मागं वळून टँकरच्या मागच्या गोल पत्र्यावर जावं लागलं. म्हणजे बाजूनं बघितलं तर 'पिण्याचे पा', आणि गाडी पुढं गेली की मागं 'णी'. पाच अक्षरांना दिवस गेला. शिवमूर्तीनं गाडीभोवती चक्कर मारली आणि म्हणाला, "मामा, हे वाचायला माणसाला पळावं लागंल." पण दुसरा पेंटर मिळणार नव्हता. गेला तसाच.

आठवड्यानं साखराबाई दवाखान्यात आल्या त्या हसतच. तो टँकर त्यांच्याच गावच्या वाटेवर लागला होता. मुलखात टँकर सगळे सारखे. कुठला कुठं गेला, पाणी विहिरीत पडलं का कुणाच्या वीटभट्टीवर, शपथ घेऊन कुणी सांगू शकत नव्हतं. पण माझा टँकर लांबून ओळखू यायचा. एक दिवस कुणीतरी बड्या माणसानं शिवमूर्तीला दटावून गाडी भट्टीच्या वाटेला वळवायला लावली. चारा तोडायला गेलेल्या बायकांनी धुरळ्यातून पाठमोरा 'णी' बघितला. वाकडा टँकर चुकीच्या वाटेला लागलाय म्हणून त्या वीसबावीस जणी रस्त्यात आडव्या बसल्या. पुढं साखराबाई, त्या मनगटानं विळा धरून. "हे अक्षर आमच्या पेंटरचं हाय. हे पाणी आमचं हाय." शिवमूर्तीनं लगेच गाडी गावाकडं घेतली. त्याला तरी कुठं भट्टीवर जायचं होतं.

ही हकीकत वरपर्यंत गेली. एका साहेबानं मला बोलावून घेतलं, हात मिळवला (उजवा), आणि सांगितलं, "आणखी सहा टँकर असेच लिहून द्या. अगदी असेच वाकडे. प्रत्येक वेगळा ओळखू आला पाहिजे." मी हवेत तरंगत घरी आलो. दुसऱ्या दिवशी पहिला टँकर घेतला, आणि दाजी, अक्षर सरळ आलं. पि सरळ, ण्या सरळ, णी जागेवर. वाकडं काढायचा मी फार प्रयत्न केला. जमेना. साहेब बघून हिरमुसले. म्हणाले, "हे तर कुणीही लिहिलं असतं." आयुष्यात माझ्या अक्षराची एवढी मोठी तारीफ कुणी केली नव्हती. शेवटी प्रत्येक टँकरवर एकेक चित्र काढून द्यायचं ठरलं. मोर, बैल, बाभळीचं झाड. मोराचं आज संपलं.

हे असं आहे. पत्र लांबलं, हात दुखायला लागला (दुखतोय, म्हणजे बघा). गुडघ्याला जपा. घरातल्या सगळ्यांना जय भीम सांगा.

तुमचा,
सटवाजी सोनकांबळे, पेंटर

ता. क. मूळ काम लिहायचं राहिलं. मॅडमच्या खात्यात सामान काही नाही. पेशंटच्या बोटांसाठी भोकं पाडलेल्या फळ्या आणि त्यात बसणाऱ्या खुंट्या पाहिजेत. हात वर ओढायला लाकडी चाकं पाहिजेत. जाड दांड्याचे चमचे पाहिजेत. मुंबईहून मागवायचं तर कागदच वर्षभर फिरतील. मॅडमनी मला विचारलं, काका, तुमच्या ओळखीत चांगला सुतार आहे का? मी म्हणालो, आहे, पण तो देगलूरला आहे आणि तो येईल की नाही सांगता येत नाही. तरी वाकस, रंधा आणि पटाश्यांची पेटी घेऊन पंधरा दिवसांसाठी यावं. सागाच्या फळ्या मी बघून ठेवल्यात.

ता. क. दुसरा. तुमच्या सुनेचं, सिंधूचं पत्र आलं होतं. अक्का गेल्यापासून तुम्ही खाटेवरून उठत नाही, पेटीला कुलूप आहे, आणि सदरासुद्धा तुमचा नातू घालतो, असं तिनं लिहिलंय. मी त्यावर तुम्हाला काही लिहिणार नव्हतो आणि लिहीतही नाही. तुम्ही माझ्या पाठीशी अर्धा तास बोलला होतात, त्याची ही परतफेड समजू नका. फळ्यांचं काम खरंच अडलंय.

ता. क. तिसरा. दाजीला धुरपताचा जय भीम. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं म्हणून मी वाचलं. मॅडमनी सुताराचं कायबी विचारलेलं न्हाई. देगलूरला तुम्ही हाव हे बी त्यायला ठाऊक नव्हतं. हे सगळं ह्यायनं मनानं रचलंय. खोटं लिहून तुम्हाला बोलावणं बरं न्हाई, म्हणून आज सकाळी मी दवाखान्यात जाऊन मॅडमला सगळं सांगितलं, तुमच्याबद्दल बी आन् फळ्यायबद्दल बी. मग कागद घेऊन त्यायनं मापं लिहून दिली. कागद सोबत लावलाय. आता हे खरं झालंय. तिकडून गाडी सकाळी सातला निघती.